धुतल्याशिवाय घेणार नाही

१४ ऑगस्ट २०१७

केंद्राचं उद्घाटन आज उरकलं. उद्या केलं असतं तर झेंडावंदनाच्या गर्दीत वामनरावांचा फोटो लहान आला असता, म्हणून आज. मंडळ अधिकारी होते. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी माणूस सातबाराच्या भाषेत बोलतो. "सदर केंद्रात सुक्या कचऱ्याची आवक विनामूल्य स्वीकारण्यात येईल." म्हणजे नेरच्या लोकांनी घरातली घाण आणून टाकायची आणि आम्ही ती निवडायची. एवढं त्यांना सरळ सांगता येत नाही.

जागा मात्र चांगली मिळाली. स्टँडमागची बंद जिनिंग. तिला कापूस मिळेना आणि शेड भाड्याने कोणी घेईना, म्हणून मालकाने फुकट दिली. दानशूर म्हणून त्याला शाल, श्रीफळ. त्याने भाषणात मला 'पर्यावरणप्रेमी भगिनी' म्हटलं. मला पर्यावरणाचं काही प्रेम नाही. मला घाण सहन होत नाही, एवढंच.

आम्ही तिघं. वामनराव, जे अध्यक्ष आहेत म्हणून काम करणार नाहीत. शीला, अंगणवाडीची निवृत्त पर्यवेक्षिका, माझ्या मागच्याच गल्लीत राहते; ती काम करेल, पण आधी प्रत्येकाच्या घरची चौकशी करेल. आणि मी. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये हेडफोन लावलेल्या पोरींची अख्खी रांग मी सांभाळली आहे. तीन प्रकारचं प्लास्टिक सांभाळायला काय लागतं.

१९ ऑगस्ट

काय आणतात लोक. वरणाने माखलेले डबे, केसांचे गुंते, कुणाच्या तरी बाळाचे डायपर. एका प्राध्यापकाने पिशवीत मेलेला उंदीर आणला आणि वर म्हणाला, "तुम्ही सगळं घेता ना?"

आज पाटी रंगवून घेतली आणि दारावर ठोकली. 'धुतल्याशिवाय घेणार नाही. लेबल काढून, झाकण वेगळं.' वामनरावांना 'स्वच्छ करून आणल्यास उपकृत होऊ' असं हवं होतं. मी म्हटलं, उपकृत तुम्ही व्हा.

नागपूरच्या कॉन्व्हेंटात सिस्टर ॲग्नेस रोज प्रार्थनेआधी हात पुढे करायला लावायची. आधी तळवे, मग नखं. काळं दिसलं की पट्टी. मला चौथीनंतर एकदाही पट्टी बसली नाही. या गावाला सिस्टर ॲग्नेस मिळाली नाही, हाच या गावाचा रोग आहे.

२६ ऑगस्ट

पाटीमुळे येणं निम्म्यावर आलं. वामनरावांनी तोंड पाडलं. लोकांना काहीतरी लालूच हवी. मला बोहारीण आठवली. जुन्या साडीवर स्टीलचं भांडं म्हटलं की आमच्या सासूबाई नव्या साड्यासुद्धा काढून द्यायच्या. तोच धंदा आपण करायचा. घराघरांतून माळ्यावर पडलेली भांडी मागवली. लोकांनी द्यायच्या लायकीची दिली म्हणजे बुडाला पोचे आलेली, पण आली.

माझ्याकडून पाण्याचा मोठा गुंड दिला. स्टीलचा, जाड, घट्ट झाकणाचा. लग्नात सासूबाईंनी घेतला आणि काठावर माझं नाव कोरून घेतलं. पुढे आयुष्यभर कुठल्याही कामात माझं नाव त्यांनी घेतलं नाही. घरात आता मी एकटी, मला त्याचं काय करायचं. तो टेबलावर मधोमध ठेवला. दोन ऑक्टोबरला, गांधी जयंतीच्या कार्यक्रमात, सगळ्यांत जास्त आणि सगळ्यांत स्वच्छ माल आणणाऱ्या बाईला तो द्यायचा. 'आणि सगळ्यांत स्वच्छ' हे माझं. वामनरावांना नुसतं जास्त पुरलं असतं.

४ सप्टेंबर

तांड्यावरची एक बाई आली. सुखीबाई. माझ्याच वयाची असावी, हातात पांढऱ्या बलुया-बांगड्यांची रांग, डोक्यावर पोतं. दारात ओतलं तर सगळ्या बाटल्या आणि छोटे कॅन, मातीने भरलेले, बुडाशी काहीतरी चिकट पिवळं.

"हे धुतलंय का?"

"नाही जी."

"पाटी वाचली?"

"मले वाचता नाही येत, बाई."

"मग ऐका. धुतल्याशिवाय घेणार नाही. आतून, बाहेरून. लेबल नको, वास नको. आणि बोटं घालून बघते मी."

रांगेत चार बायका होत्या, त्या हसल्या. सुखीबाईने सगळं परत पोत्यात भरलं. जाताना टेबलापाशी थांबली, गुंडाचं झाकण उचललं, आत पाहिलं, झाकण लावून पुन्हा उघडलं.

"हा कोनाले भेटते?"

मी सांगितलं. ती म्हणाली, "झाकन घट्ट हाये," आणि गेली.

या लोकांना चकाकणाऱ्या भांड्याची फार हौस. शीला म्हणाली, "ताई, त्या बाटल्या कायच्या होत्या, इचाराचं त." मी म्हटलं, बाटल्या प्लास्टिकच्या होत्या. आपण काय जातपडताळणी समिती आहोत?

शीला झाकणं निवडत राहिली. तिला असं काही बोललं की ती फार सुंदर गप्प बसते.

११ सप्टेंबर

हा दिवस लिहून ठेवण्यासारखा. सुखीबाई आली. दोन पोती, आणि बाटली न बाटली आरशासारखी. लेबलाचा कपटा नाही. झाकणं वेगळ्या फडक्यात बांधलेली. मी एकेका बाटलीत बोट घातलं. स्वच्छ. थोडा उग्र, रॉकेलसारखा वास होता, पण वासाला किती नावं ठेवणार.

"कशाने धुतलं?"

"राखीनं. मंग पान्यानं. हात जाते तितला आत घातला, मंग काडीले चिंधी बांधून फिरवली."

मी रांगेतल्या सगळ्यांना थांबवून तिची पोती दाखवली. साहेबांच्या बायका पाण्याच्या बाटल्या पिचकवून आणतात, त्यांना म्हटलं, तांड्यावरच्या बाईकडून शिका. सुखीबाई ओशाळून उभी. मी म्हटलं, मान वर करा, मी काही शिव्या नाही देत.

घरी येऊन चहा केला तर लक्षात आलं, मी गुणगुणत होते. एका बाईला जरी सुधारलं तरी आपलं निवृत्त होणं फुकट गेलं नाही.

१६ सप्टेंबर

आज तिचे हात पाहिले. सवयच आहे माझी. तळवे पांढरे पडलेले, कडांना चिरा, बोटांची कातडी पापुद्र्यासारखी सुटलेली. म्हटलं खोबरेल लावत जा. म्हणाली, "लावतो जी. आग होते फक्त."

बुधवारी यायची होती, आली नाही. कारण विचारलं तर बकरी मेली. "हातपंपापाशी पानी प्याली आन् तशीच आडवी झाली." बकरीसाठी दोन दिवस सुतक. ही माणसं वर का येत नाहीत ते कळायला अहवाल वाचावे लागत नाहीत.

माल मात्र उत्तम. तिची सून मानीबाई आता तिच्यासोबत धुते म्हणे. मुलगा खेमसिंग दुसऱ्यांच्या वावरात मजुरीने फवारणीला जातो, येताना बाटल्या तोच गोळा करून आणतो. म्हणजे अख्खं घर कामाला लागलं. गुंडाची जादू.

२३ सप्टेंबर

पेपरमध्ये रोज फवारणीवाल्यांच्या बातम्या. विषबाधा. बोंडअळीने पिसाळून दोन-दोन औषधं एकत्र करून मारतात, तोंडाला फडकं बांधत नाहीत, वाऱ्याच्या तोंडाला उभे राहतात, मग सरकारच्या नावाने खडे. तोंडाला फडकं बांधायला सरकार यायला हवं का? दोन ओळी सूचना वाचायच्या आणि पाळायच्या, इतकं सोपं आहे. पण वाचायचं म्हटलं की या जिल्ह्याला झोप येते.

आज सुखीबाईचा खरा रंग कळला. सकाळी दहाला आली ती झोकांड्या खात. घामाने थबथबलेली, तोंडाला लाळ, नाक गळतंय. पोतं उतरवताना हात लटलट कापत होते. मी जवळ जाऊन डोळे पाहिले. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या.

"सकाळी सकाळी घेऊन आलीस का?"

"काय जी?"

"दारू."

तिने पोतं भिंतीला टेकवलं. मग पदराने तोंड पुसून म्हणाली, "म्या नाही पेत, बाई. माहा नवरा पेत होता. तो मेला त्यानं."

असं सगळेच म्हणतात. मी वामनरावांना सांगितलं, ते म्हणाले, "तांड्यावरचं काय सांगावं, कोकिळाताई." शीला मात्र उसळली. "ताई, तोंडाले वास आला का तुमाले दारूचा?" मी म्हटलं, तिच्या बाटल्यांच्या वासात तिच्या तोंडाचा वास कुठून कळणार. शीला काहीतरी बोलणार होती, तितक्यात पुसदहून तिच्या लेकीच्या सासरचा फोन आला. प्रियंकाला कळा सुरू झाल्या. ती तशीच बॅग भरून पुसदच्या गाडीत बसली. दोन-तीन आठवडे येणार नाही. आता बाटल्या मोजायच्या मीच.

माणूस प्यायलेला असला तरी काम चोख असेल तर बक्षीस द्यावं का, यावर बराच विचार केला. द्यावं, असं ठरवलं. मी अन्याय करत नाही.

१ ऑक्टोबर

उद्याची तयारी. वामनरावांनी तहसीलमधल्या कुणा साहेबाला बोलावलंय. मांडव, हार, 'स्वच्छता हीच सेवा' वगैरे. वामनरावांची सून अर्पिता सूत्रसंचालन करणार. तिला 'पुनर्चक्रण' म्हणता येत नाही, सकाळपासून घोकतेय.

सुखीबाईच्या जवळपास दुसरी कुणी नाही. भांड्याकडे तिची नजर काही हटत नाही. परवा आली होती तेव्हा गुंडाला आतून पदराने पुसत होती. मी म्हटलं, अजून तुझा झालेला नाही.

२ ऑक्टोबर

लाज. दुसरा शब्द नाही.

साहेब आले, दीप लावला, अर्पिताने 'पुनश्चक्रण' म्हटलं. सुखीबाई शेवटची दोन पोती घेऊन अगदी वेळेवर आली. नवीन लुगडं. नाव पुकारलं. ती उठली, चार पावलं चालली आणि मांडवाच्या खांबाला धरून ओकली. सगळ्यांसमोर. साहेबांच्या चपलेवर. मग तिथेच बसली, मग आडवी झाली. हातपाय झटके देत होते.

माझ्या तोंडून निघून गेलं, "आज तरी शुद्धीवर यायचं." माइक चालू होता.

वामनरावांनी ऑटो बोलावला आणि तिला आपल्या ओळखीच्या डॉक्टरांकडे पाठवलं. मानीबाई सोबत गेली. वामनरावांनी डॉक्टरांना फोन केला, मी शेजारीच होते. "दारूची केस आहे. हो, नेहमीचीच. आमच्या मॅडमनी आधीही पाहिलेली आहे." मी काही बोलले नाही. पाहिलेली तर होतीच.

साहेबांपुढे टेबल रिकामं दिसू नये म्हणून गुंड अर्पिताला दिला. तिने सबंध महिन्यात सरबताच्या चार बाटल्या आणल्या. टाळ्या चांगल्या पडल्या.

सुखीबाईने मला तोंडघशी पाडलं. मी तिच्यासाठी साहेबांच्या बायकांना बोलले होते.

३ ऑक्टोबर

सकाळी केंद्रात एकटीच. सुखीबाईची कालची दोन्ही पोती तशीच पडलेली. उघडून पाहिलं तर एका पोत्यातल्या बाटल्या धुतलेल्याच नाहीत. चिकट, पिवळ्या, काही अर्ध्या ओल्या. म्हणजे शेवटी शेवटी कामचुकारपणाही केला. माल न्यायला अमरावतीची गाडी दुपारी येणार होती. मी पदर खोचला, नळाखाली टब ठेवला, राख नव्हती म्हणून साबण घेतला आणि बसले धुवायला. हातमोजे मी कधी वापरले नाहीत. ते वापरणाऱ्या बायकांची भांडी कधी स्वच्छ नसतात.

सगळ्या धुतल्या. आत बोटं घालून.

दुपार. डोकं ठणकतंय. ऊन लागलं असेल. जेवण नको वाटतं. तोंडाला सारखं पाणी सुटतंय, दोनदा थुंकून आले, मी, जी रस्त्यात थुंकणाऱ्यांना थांबवून बोलते.

साडी घामाने भिजली. पंखा पाचवर आहे. हे अक्षर माझं नाही, हात ऐकत नाही. ओळी तिरप्या जातायत. चष्मा पुसला, तरी धूसर.

आरशात पाहिलं. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या.

हे इथे लिहून ठेवते. मी काहीही प्यायलेली नाही.

५ ऑक्टोबर, यवतमाळ

दवाखान्याच्या कॉटवर बसून लिहितेय. अक्षर बरं आहे. परवाचं सगळं सलग लिहिते, नाहीतर उद्या मीच ते सोयीचं करून टाकेन.

परवा घरातून निघाले, वाटेत केंद्रातून एक न धुतलेली बाटली पिशवीत घातली. तेवढी एक पोत्याच्या तळाशी राहिली होती. ऑटोवाल्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि काय समजायचं ते समजला. मी उतरून चालताना दवाखान्याच्या दाराला आपटले, तेव्हा म्हणाला, "सांभाळून, आजी." त्या स्वरात मी आयुष्यभर लोकांशी बोलत आले. मला तो स्वर लगेच ओळखू आला.

वामनरावांच्या डॉक्टरांकडे सुखीबाईला सलाईन लावून कोपऱ्यात ठेवलं होतं. उतरली की उठेल, म्हणून. ती उठायच्या बेतात नव्हती. छातीत घरघर, उशी लाळेने ओली. मानीबाई पायाशी बसलेली. डॉक्टर म्हणाले, "मॅडम, तुम्ही कशाला आलात, तुमची तब्येत..."

मी म्हटलं, "ही दारू पीत नाही. दारू पिते असं सांगणारी मॅडम मीच. ते खोटं आहे. ही महिनाभर फवारणीच्या औषधाच्या बाटल्या उघड्या हातांनी धुतेय, कोपरापर्यंत हात घालून. मी फक्त सकाळभर धुतल्या, माझ्याकडे बघा. आणि आता माझ्याकडे बघत बसू नका, तिच्याकडे बघा."

त्यांनी बाटलीचा वास घेतला आणि चेहरा बदलला. कपाटातून इंजेक्शन काढलं, यवतमाळला फोन लावला, ॲम्ब्युलन्स मागवली. मग मला विचारलं, "औषध कोणतं? नाव सांगा, तिथे विचारतील."

बाटलीवर लेबल नव्हतं. अर्थातच नव्हतं. नुसता डिंकाचा चौकोन.

मी मानीबाईकडे पाहिलं. सासूला ती याडी म्हणते. ती म्हणाली, "कागद काढाले त तुमीच सांगतलं, बाई. याडी म्हने, वास राह्यला त बाई वापस करते. म्हून दोन-दोन डाव धुवो आमी. वास जाये नाही. मंग याडी मले उठवे अन् सोताच धुये. मले पोटात हाय ना."

मानीबाईला दिवस गेलेत, हे मला माहीत नव्हतं. शीलाने विचारलं असतं.

ॲम्ब्युलन्समध्ये सुखीबाई आडवी आणि मी तिच्या शेजारच्या बाकावर, मांडीवर ओकायची पिशवी. यवतमाळ रोडचे खड्डे नक्की कुठे आहेत ते मला आता पाठ आहे. इथे आल्यावर एका नर्सने, वयाने वामनरावांच्या अर्पितापेक्षा लहान, आधी मला बाथरूममध्ये नेलं. साडी काढायला लावून ती पिशवीत बांधून टाकली. नखांपासून केसांपर्यंत साबणाने घासलं. मग दिव्याखाली माझे दोन्ही हात धरून तळवे पाहिले, उलटे करून नखं पाहिली. "अजून वास येतोय, परत," म्हणाली. मी पुन्हा हात पुढे केले.

वॉर्डात सगळे फवारणीवाले. माझ्या शेजारच्या कॉटवर एक मारेगावकडचा माणूस आहे, त्याला दिसत नाही. त्याने तोंडाला फडकं बांधलं होतं. औषधाने भिजलेलं फडकं दिवसभर नाकावर बांधून तो फवारत होता. हे मी त्याला विचारलं नव्हतं, त्यानेच सांगितलं.

सुखीबाई पलीकडच्या खोलीत नळ्यांमध्ये आहे. अजून काही सांगत नाहीत.

८ ऑक्टोबर

सुखीबाईने डोळे उघडले. औषधाने तोंडाला कोरड पडली, पाणी मागितलं. मी काचेतून पाहिलं. आत जाऊ देत नाहीत, आणि जाऊन मी बोलणार काय होते.

१० ऑक्टोबर, नेर

घरी आले. वामनराव फळं घेऊन आले, म्हणजे काही काम होतं.

"कोकिळाताई, हे बाहेर जाऊ देऊ नये. केंद्राची बदनामी होईल. तिने खासगीरीत्या, स्वतःच्या जबाबदारीवर..."

"वामनराव, ती पाटी माझी होती."

"पाटीवर औषधाच्या बाटल्या आणा असं कुठे नमूद होतं?"

"आणू नका असंही नव्हतं. आणि बोटं घालून मी पाहत होते."

त्यांनी केळी टेबलावर ठेवली आणि हवामानाबद्दल बोलले. हा माणूस मला नेहमी मूर्ख वाटत आला. आज पहिल्यांदा वाटलं, मूर्ख असता तर बरं होतं.

त्यांच्या मागोमाग मी त्यांच्याच घरी गेले. गुंड बैठकीत कोपऱ्यात ठेवला होता आणि त्यात प्लास्टिकची सूर्यफुलं. अर्पिता म्हणाली, "काकू, छान दिसतोय ना?" मी फुलं काढून तिच्या हातात दिली. "ही धुऊन केंद्रात आण," म्हटलं आणि गुंड काखेत मारून निघाले. वामनराव दारात उभे होते. बाजूला झाले.

१४ ऑक्टोबर

शीला बुधवारी पुसदहून परत आली. मला बोलायला वेळच दिला नाही, आल्या आल्या दारावरची पाटी काढली आणि चुलीत घालायला घेऊन गेली. नवी तिनेच रंगवली, अक्षर वाकडं आहे. बाटलीचं चित्र, त्यावर लाल फुली, ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी. फवारणीची बाटली धुऊ नका, इथे आणू नका, घरात ठेवू नका. कुठे टाकायची ते आम्हालाही अजून कुणी सांगितलेलं नाही. कृषी कार्यालयात दोनदा जाऊन आलो. तिथला साहेब म्हणाला, सूचना लेबलवर असतात. मी त्याला एक बाटली, तिचं लेबल आणि माझा चष्मा दिला आणि म्हटलं, वाचून दाखवा. इंग्रजी येत असूनही मला ते अक्षर भिंगाशिवाय लागलं नव्हतं. त्याने चष्मा परत दिला आणि चहा मागवला. शीलाने चहा घेतला नाही. मी घेतला, आणि तो संपेपर्यंत त्याच्याकडे बघत बसले.

केंद्राच्या दारात ती रोज सगळ्यांना विचारते, "कायचं हाय हे?" रांग लांबते. मी काही म्हणत नाही.

२२ ऑक्टोबर

दिवाळी संपली. सुखीबाई घरी आल्याचं कळलं, म्हणून तांड्यावर गेले. गुंड आधी चिंचेने, मग साबणाने, मग नुसत्या पाण्याने घासला होता. ऑटोवाला तोच. या वेळी त्याने विचारलं, "बऱ्या आहात ना?"

हातपंपापाशी ओटा हिरवा-पिवळा झालाय आणि त्यावर गवतसुद्धा उगवलेलं नाही. तिथून कुणी पाणी भरत नाही आता, शेजारच्या बोअरवरून आणतात, मानीबाईने सांगितलं. ती मला आत घेऊन गेली. खोलीत कोपऱ्यात पाण्याचा कॅन होता. पांढरा, वीस लिटरचा, गळा कापलेला. त्याच्या पोटावर डिंकाचा चौकोन.

मी त्या चौकोनावर बोट ठेवलं. मानीबाई म्हणाली, "आमच्या तांड्यात सगळ्याइकडे हेच हाये. मजबूत राह्यते. याडीच म्हने, पोर झालं त ह्या डब्यातलं पानी त्याले पाजाचं नाही. तुमच्याकडचा गुंड भेटला त पाजू. झाकन घट्ट हाये म्हने."

मी हौस म्हटलं होतं. याच वहीत, मागे कुठेतरी.

सुखीबाई खाटेवर बसलेली, बारीक झालेली. हाताला पट्ट्या. हात अजून थोडे कापतात, डॉक्टर म्हणतात काही महिने तसंच राहील, कदाचित कायम. मी गुंड तिच्यासमोर ठेवला. काय बोलायचं ते ऑटोत ठरवलं होतं, ते सगळं विसरले. एवढंच म्हटलं, "तुझा आहे. तेव्हाच होता."

तिने झाकण उचललं. पट्टी बांधलेला हात आत घातला आणि बोट बुडावरून गोल फिरवलं. मग हात बाहेर काढून नाकाशी नेला. सावकाश. मानीबाई दारात उभी होती, खेमसिंग तिच्या मागे.

सुखीबाईने वर पाहिलं.

"धुतला का, बाई?"

तिच्या तोंडावर काही नव्हतं. मी बराच वेळ शोधलं, थट्टा दिसते का, राग दिसतो का.

"तीनदा," मी म्हटलं.

तिने गुंड मानीबाईकडे सरकवला. "आनखी एक डाव धू," म्हणाली. "शेजारच्या बोअरच्या पान्यानं."